तिसावी सूचना

४ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तुम्हीही असाल. एवढं लिहून मी दोनदा उठले. एकदा खिडकी लावली आणि एकदा तीच उघडली. तू मला भिंगरी म्हणायचास ते काही उगाच नाही. चव्वेचाळीस वर्षांची झाले तरी एका जागी बूड टेकत नाही. नवरा म्हणतो, हिला खुर्ची घेऊन दिली तरी ही तिच्याभोवती फिरूनच काम करणार.

तुझी खबर वहिनीच्या फोनवरून मिळते. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान बरं चाललंय, गुडघा सध्या कुरकुर करत नाही, आणि गिऱ्हाईक फारच मागे लागलं की तू हातातलं काम ठेवून चहा करायला जातोस. ऐकून हसू आलं. मास्तरांनाही तू असंच छळायचास. ते अजून आपल्या सिस्टिमचे प्रमुख आहेत आणि त्यांचं लाल पेन अजून सुटलेलं नाही. परवा माझ्या टिपणातल्या दोन वेलांट्या त्यांनी दुरुस्त करून पाठवल्या.

बाबा माझ्याकडे आहेत. एकाहत्तर पूर्ण झाली. काठी घेऊन फिरतात, पण तब्येत ठणठणीत. पंपिंग स्टेशन सोडून इतकी वर्षं झाली, तरी नळ सोडला की आधी कान लावतात आणि म्हणतात, आज प्रेशर कमी आहे. बहुतेक वेळा खरंच असतं. तुझं नाव ते काढत नाहीत. मीही काढत नाही.

आता कामाचं. फोनवर तू ‘बरं’ म्हणून ठेवून देशील आणि ई-मेल तू उघडत नाहीस, म्हणून कागदावर लिहिते आहे.

आपली बूट लायब्ररी मी नव्या जागी हलवते आहे. बाबांनी विचारलं, सध्या काय मोडतेस? मग त्यांना समजेल असं सांगितलं. यंत्राचं बटण दाबलं की मोठी सिस्टिम लगेच जागी होत नाही. आधी बूट लोडर नावाचा एक छोटा प्रोग्राम येतो आणि तो तिला उठवतो. बरेच दिवस बंद असलेलं घर उघडायला आधी एक माणूस जातो ना, तसा. घरात दिवा नाही, पाणी नाही, म्हणून बॅटरी, किल्ल्या, फडकं सगळं तो आपल्या पिशवीतून नेतो. डिस्क कशी वाचायची, पडद्यावर अक्षर कसं काढायचं, हे सामान त्या पिशवीत. ती पिशवी म्हणजे ही लायब्ररी. बाबा म्हणाले, “मग पिशवी त्या माणसापाशी नको का?”

नेमकं तेच करते आहे. ती इतकी वर्षं सामायिक लायब्रऱ्यांच्या फोल्डरात पडून होती, जणू कुणीही यावं आणि वापरावी. वापरतो एकटा लोडर, आणि तो पाच फोल्डर पलीकडे. एकाला दुसऱ्याचा पत्ता सांगायला, कोडचे तुकडे जोडून देणाऱ्या मेकफाइलींनी असे काही वळसे घेतलेत की नवीन माणूस दोन दिवस त्यातच गरगरतो. आता लोडर, लायब्ररी, तिच्यात काय आहे त्याची यादी देणाऱ्या सगळ्या हेडर फायली एका ‘बूट’ फोल्डरात, एका छपराखाली. टेबलावर अकरा जातींची यंत्रं मांडली आहेत. एक फाइल हलवली की अकराही बंद करून चालू करते आणि पडद्यावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत येरझाऱ्या घालते. जुन्या नोंदीही फायलींबरोबर नेते आहे, म्हणजे कोणती ओळ कुणी कधी लिहिली ते पुढच्यांना कळेल.

नियम तुला माहीत आहे. त्या कोडची जाण असलेल्या दुसऱ्या माणसाने वाचून खाली नाव दिल्याशिवाय काहीही आत जात नाही. हा कोड जाणणारे तीन. एक मी. दुसरे मास्तर, आणि त्यांनीच कबूल केलं की दहा वर्षांत त्यांनी तो उघडून पाहिलेला नाही. म्हणाले, “त्याला विचार.” नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती.

चौसष्ट पानं छापून सोबत पाठवते आहे. समास मोठा सोडला आहे. जुनं काही उकरायचा हेतू नाही. निव्वळ फायली हलवायच्या आहेत, वागणुकीत तिळाएवढाही फरक नाही. पान एकेचाळीस जरा सावकाश वाच. तसं त्यात विशेष काही नाही.

वहिनीला नमस्कार.

तुझी
भिंगरी


२७ फेब्रुवारी

प्रिय दादा,

पाकीट पोचलं. दारातच फोडलं आणि चपला न काढता वाचायला लागले. एकोणतीस सूचना. शिसपेन्सिलीने, तशाच बारीक, तशाच तिरक्या. एका ठिकाणी तू लिहिलंयस, ‘हे हेडर इथे का? सवय म्हणून?’ सवय म्हणूनच होतं. दुसऱ्या ठिकाणी, ‘ही फाइल हलवू नकोस, पुसून टाक, ही कुणालाच नको आहे.’ शोधून पाहिलं. खरंच कुणाला नको होती. बारा वर्षं आम्ही तिला उगाच पोसत होतो. सहाव्या पानावर चहाच्या कपाचा गोल उमटलाय. मी त्या गोलावरही बोट फिरवलं, हे तुला सांगायला आता लाज वाटत नाही.

दादा, तुझ्याइतकं बारीक वाचणारं मला नंतर कुणी भेटलं नाही. सोबत चार ओळींचं पत्र असेल म्हणून पाकीट उलटं करून झटकलं. नव्हतं.

बाबांनी पाकिटावरचं अक्षर पाहिलं. स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, बंद केला आणि परत येऊन बसले.

एकोणतीसही सुधारणा केल्या. अकरा यंत्रांपैकी दहा पहिल्या झटक्यात उठली, अकरावं मेकफाइलीतल्या एका राहून गेलेल्या पत्त्यामुळे अडलं होतं, तेही उठलं. आता खरं तर मी ‘आभारी आहे’ असं लिहून हे पत्र संपवायला हवं. गेले नऊ दिवस हेच करते आहे. पत्र संपवते, पाकिटात घालते आणि टपालपेटीपर्यंत जाऊन परत येते. नवऱ्याने काल विचारलं, टपालपेटीशी तुझं काही भांडण झालंय का?

पान एकेचाळीस कोरं आलं. चाळिसाव्यावर तीन सूचना, बेचाळिसाव्यावर दोन आणि एकेचाळिसाव्यावर साधी टिंबाचीही खूण नाही. तुला त्या पानावर काही दिसलं नाही, असं होऊच शकत नाही.

तर सांगतेच.

त्या पानावर फाइल वाचणाऱ्या कोडची जुनी नोंद आहे. फाइलचे किती तुकडे वाचायचे त्याची मोजणी करणारी एक ओळ तिथे होती. मोजणीचा आकडा ठेवायला घेतलेला खाना लहान होता. तुकडे पासष्ट हजार आणि काही शेकड्यांपुढे गेले की गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या मीटरसारखा तो आकडा पुन्हा शून्यावर यायचा. लोडरला वाटायचं, वाचायला काहीच नाही, आणि तो तिथेच बसून राहायचा. सिस्टिमची फाइल लहान होती तोवर कुणाला पत्ता लागला नाही. मग चौदा वर्षांपूर्वी आपण एक अपडेट पाठवलं, फाइल फुगली, आणि पाणीपुरवठ्याच्या पंपांची बत्तीस यंत्रं एकाच सकाळी उठली नाहीत.

तीन दिवस. वरच्या वस्तीत तीन दिवस पाणी नव्हतं. दवाखान्यात टँकरने पाणी गेलं. बाबांनी साहेबांकडे शब्द टाकून ती यंत्रं बसवून घेतली होती, माझ्या मुलांची सिस्टिम आहे म्हणून. फाटकाशी बादल्या घेऊन उभ्या राहिलेल्या लोकांना ते स्वतः पाणी वाटत होते आणि लोक त्यांना काय काय बोलत होते ते तूही ऐकलंस, मीही ऐकलं.

मास्तरांनी नोंद काढली. त्या ओळीपुढे तुझं नाव होतं. तुझा सिस्टिममध्ये लिहिण्याचा हक्क काढून घेतला आणि अहवालात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द आला. बाबा तुला सगळ्यांदेखत म्हणाले की तू माझी मान खाली घालायला लावलीस. पुढच्या महिन्यात तू आणि वहिनी सामान बांधून निघून गेलात.

आता त्या नावाबद्दल. त्याआधी सहा महिने तू तीन फोल्डरांतल्या तीन सारख्या प्रती एकत्र करून ही लायब्ररी उभी केली होतीस. तेव्हाच्या नोंदीच्या साधनाला फाइल हलवणं कळायचं नाही. रीत अशी होती की नोंदी सांभाळणाऱ्याला सांगायचं, तो आधी जुनी नोंद नव्या जागी नेणार, मग आपण फाइल ठेवायची. त्याला आठवडा लागायचा. बाबांनी साहेबांना तारीख दिलेली, म्हणून तू थांबला नाहीस. नव्या जागी फायली ठेवल्यास आणि जुन्या पुसून टाकल्यास. ठेवणारा तू, म्हणून नऊ हजार ओळी तुझ्या नावावर लागल्या. माझ्यासुद्धा.

यावेळी मी ती तुटलेली नोंद जोडली. जुन्या सर्व्हरची प्रत अजून सांभाळून ठेवलेली निघाली. जोडल्यावर त्या मोजणीच्या ओळीपुढे माझं नाव आलं. ती ओळ मी लिहिली होती, दादा. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षात.

इथे थांबता आलं असतं. मला हे आत्ता सापडलं, मी हादरून गेले, असं वाचून तुलाही पटलं असतं. तसं एक पत्र मी लिहिलंही होतं, चांगलं दोन पानांचं. ते फाडलं.

मला चौथ्या दिवशीच कळलं होतं. पाणी सुरू झालं, मी घरी आले आणि माझ्या यंत्रावर तू फायली हलवण्याच्या आधीची प्रत होती, ती उघडली. का उघडली माहीत नाही. कदाचित तो लहान खाना आपल्याच हातचा आहे हे आतून ठाऊक असावं. नाव पाहिलं. यंत्र बंद केलं. दुसऱ्या दिवशी ती प्रत पुसून टाकली.

भीती वाटली, हे तर आहेच. नोकरी पक्की व्हायला महिना होता. पण तेवढंच नाही. त्याच आठवड्यात बाबा शेजारच्यांना म्हणाले, काम करावं तर धाकटीसारखं, तपासून. मी आतल्या खोलीत होते. आणि मला ते आवडलं. लहानपणापासून सगळी शाबासकी तुझ्याकडे जायची, ती पहिल्यांदा माझ्याकडे आली होती आणि मला ती परत करवली नाही. हे वाक्य लिहिताना मी बारा वेळा उठले असेन.

बदलाबरोबर जाणाऱ्या टिपणाचं पान सोबत जोडते आहे. काय हलवलं, का हलवलं, हे वर आहे. शेवटी एक वाक्य घातलंय: ‘जुन्या नोंदी जोडल्यावर दिसतं की पंप बंद पाडणारी ओळ माझी होती, ती ज्याच्या नावावर लागली त्याचा तिच्याशी संबंध नव्हता, आणि हे मला तेव्हाच माहीत होतं.’ तू वाचून खाली नाव दे, म्हणजे हे आत जाईल. एकदा आत गेलेलं टिपण कुणालाही पुसता येत नाही.

तुला तेव्हा माहीत होतं का, एवढंच विचारायचं आहे.

तुझी
धाकटी


२१ मार्च

प्रिय दादा,

तुझं पान मिळालं. टिपणातल्या शेवटच्या वाक्यावर पेन्सिलीने एक सरळ रेघ, पट्टी लावून मारल्यासारखी, आणि समासात, ‘हे काढ. बदलाशी संबंध नाही. काढल्यास माझं नाव दे.’ बस. प्रश्नाचं उत्तर नाही.

मी ते पान घेऊन घरभर फिरले. आधी राग आला, खरंच सांगते. मोठा भाऊ असलास म्हणून काय झालं, मला एक गोष्ट धड कबूलही करू देणार नाहीस? मग वहिनीला फोन लावला. ती बराच वेळ मशिनींचंच बोलत राहिली. शेवटी मी सरळ विचारलं.

वहिनी म्हणाली, “त्यांना दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. स्वतःच्या हातची ओळ माणूस ओळखतो आणि नसलेलीही ओळखतो. मला म्हणाले, तिची नोकरी नवी आहे, ती स्वतः बोलेल, आपण थांबू.” मग म्हणाली की पहिलं वर्षभर फोन वाजला की तूच धावायचास. नंतर नंतर वहिनीनेच उचलावा म्हणून वाट बघायचास.

दादा, त्या वर्षी मी फोन केला होता, तुझ्या वाढदिवसाला. तूच घेतलास. मी हवापाण्याचं बोलले, तुझं दुकान विचारलं आणि ठेवला. तू त्या वेळी काय ऐकायला थांबला होतास हे मला आता कळतंय. फोन ठेवण्याआधी तू विचारलं होतंस, “अजून काही?” मी म्हणाले, नाही, एवढंच.

बाकीचं क्रमाने सांगते, नाहीतर माझं कुठेही सुरू होतं आणि कुठेही संपतं.

मास्तरांकडे गेले. पान समोर ठेवलं आणि त्यांनी बसायला सांगितलं तरी मी बसले नाही. त्यांनी वाचलं. चौदा वर्षांपूर्वीचा अहवाल कपाटातून काढला आणि दोन्ही कागद शेजारी ठेवून पुन्हा वाचलं. सवयीने त्यांचा हात लाल पेनाकडे गेला आणि तसाच राहिला. ‘निष्काळजीपणा’ हा शब्द त्यांचा होता. म्हणाले, त्याने वाक्य काढायला सांगितलंय, वाचणाऱ्याची हरकत असताना बदल आत जात नाही, नियम आहे. मी म्हणाले की तुम्ही वाचा. एकोणतीस सूचना पाळल्या आहेत, तपासून घ्या. ही तिसावी मी मानणार नाही. त्यांनी चार दिवस घेतले, दहा वर्षांत न उघडलेला कोड ओळ न् ओळ वाचला आणि खाली स्वतःचं नाव दिलं.

बदल मंगळवारी आत गेला. वाक्यासकट. अहवालाला दुरुस्ती जोडली आहे, तिच्यावर मास्तरांची सही आहे. पाणीपुरवठ्याच्या साहेबांना पत्र गेलं; तेव्हाचे साहेब आता नाहीत, पण दप्तरात ते लागेल. माझ्याकडून सध्या दुसऱ्यांचं काम तपासून घेणं बंद केलंय. पुढे काय करायचं ते महिन्याभरात सांगतील. त्याचं मला फारसं काही वाटत नाही. कुणी समोरून आलं की ते वाचून आलंय की न वाचता, हे ओळखायचा प्रयत्न करत असते. कँटीनमध्ये एक जण उठून दुसऱ्या टेबलावर गेला. गेला तर गेला.

मास्तरांनी विचारलं, तुझा हक्क परत द्यायचा आहे, तू घेशील का. मी सांगितलं की ते तुम्ही त्यालाच विचारा, माझ्या तोंडून नको. तेव्हा त्यांचं पत्र येईल. तू फाडलंस तरी चालेल.

बाबांना सांगणं राहिलं होतं. मी तीन दिवस त्यांच्याभोवती घुटमळत होते. त्यांच्या गोळ्या दोनदा काढून ठेवल्या, चष्मा तीनदा पुसला. गुरुवारी दुपारी ते गॅलरीत बसले होते. त्यांनीच काठीने समोरच्या स्टुलाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले की काय ते एकदा बोलून टाक, मला गरगरायला लागलंय तुझ्याकडे बघून.

सांगितलं. ओळ, खाना, नोंद, सगळं. त्यांना फायली हलवण्याचं पुन्हा एकदा समजावून घ्यायचं होतं, ते घेतलं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा विचारली: त्याने घाई केली ती मी दिलेल्या तारखेसाठी ना? मी हो म्हणाले.

मग म्हणाले, “म्हणजे तीन दिवस पाणी नव्हतं ते तुझ्यामुळे.”

“हो.”

“आणि ही चौदा वर्षं?”

मी म्हणाले, तीही माझ्यामुळे. त्यांनी मान हलवली. नाही म्हणून हलवली. म्हणाले, “ती माझ्यामुळे. चूक कुणाची ते कागदावर होतं. पोरगं माझं होतं, ते काही कागदावर बघायला लागत नव्हतं.”

रडतील असं वाटलं, पण रडले नाहीत. मीच रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही, ठेवावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते. नंतर आत येऊन त्यांनी कपाटावरची छोटी बॅग काढायला सांगितली. मी म्हणाले, दादाला इकडे बोलावूया, तुम्हाला एवढा प्रवास झेपणार नाही. त्यावर म्हणाले, “बोलवायला मला तोंड नाही. जायला पाय आहेत अजून.”

मीही येते म्हणाले. “तू नको,” म्हणाले. “तू होतीस म्हणून चौदा वर्षं मला त्याच्यावाचून चाललं.” रागाने म्हणाले असते तर मी उलटून काही बोलले असते. ते नुसते शर्टाच्या घड्या घालत होते.

तर पुढच्या शनिवारी सकाळच्या गाडीने ते निघतील. साडेतीनच्या सुमारास तुमच्याकडे उतरतील. रक्तदाबाची गोळी सकाळी, दुसरी रात्री जेवल्यावर, दोन्ही बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पण ओरडून बोललेलं त्यांना आवडत नाही. जिना चढताना कुणी हात धरला तर झिडकारतात, मागून चालावं. बॅग उचलून देणार नाहीत, पण जड आहे. तीत त्यांनी काय भरलंय मला माहीत नाही, मला बघू दिलं नाही.

माफ कर, असं मी आधीच्या दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. मागितली की तुला काहीतरी द्यावं लागेल, असं वाटायचं. आता मागते. दिली नाहीस तरी ती मागितलेली राहू दे. ‘अजून काही?’ असं तू विचारलं होतंस त्याचं हे उत्तर आहे, तेरा वर्षं उशिरा.

एक शेवटचं. आज सकाळी बाबांनी मला विचारलं, दार उघडल्यावर त्याला पहिल्यांदा काय म्हणू? त्यांनी स्वतःशीच दोन-तीन वाक्यं म्हणून पाहिली आणि सोडून दिली. आयुष्यभर शेकडो माणसांना हुकूम सोडले, पण हे त्यांना येत नाही. ते दारात नुसतेच उभे राहिले, तर दादा, तूच आधी ‘या’ म्हण.

ज्या बहिणीसाठी तू थांबलास,
ती